रात्री एकला निघाली, सकाळी साडेसहाला पोचली

मागच्या पंधरवड्यात अंकुशनगरच्या आपल्या गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला, सह्या झाल्या, चहा आला, आणि मग एका मावशींनी एक कोडं घातलं. त्यांची लेक दिवाळीनंतर जावयांबरोबर अमेरिकेला गेली. न्यूयॉर्क शहराच्या जवळ राहते. मावशी म्हणाल्या, "पोरगी मुंबईहून राती एकला निघाली. तिकडं उतरल्यावर फोन केला तर म्हणते, आई, इथं सकाळचे साडेसहा वाजलेत. मग साडेपाच तासच झाले की! आपल्याला इथून पुण्याला जायला एवढाच वेळ लागतो. मग अमेरिका लांब लांब म्हणतात ती कशी काय?"

सगळ्या हसल्या, पण उत्तर कुणालाच नीट देता येईना. कुणी म्हणालं, विमान लई जोरात जातं. कुणी म्हणालं, तिथलं घड्याळ वेगळं असतं. मावशींनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, "ते घड्याळाचं जाऊ द्या. उद्या माझं काही बरंवाईट झालं तर पोरगी किती वेळात दारात येईल, तेवढं सांगा."

मग कुणी हसलं नाही. ज्या घरातलं लेकरू लांब गेलंय त्या प्रत्येक घरात हा प्रश्न असतो, फक्त तो कुणी तोंडावर आणत नाही. आम्ही मावशींना म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. आजचं बोलणं त्यासाठीच आहे. पण नीट सांगायचं तर थोडं मागून यावं लागेल, अगदी पैठणपासून.

आपण अंतर कशात मोजतो, बघा. कागदावर किलोमीटर लिहितो. पण बोलताना म्हणतो, माहेर दोन तासांवर आहे. आपल्या आज्या म्हणायच्या, सकाळी भाकरी बांधून निघालं की दिवस मावळायला गाव येतं. म्हणजे अंतर वेळेतच सांगायची रीत जुनी आहे. किती जुनी? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्रावरच्या व्यापाराची एक वाटाड्या पुस्तिका लिहिली. तिला पेरिप्लस म्हणतात. त्यात आपल्या गोदाकाठच्या पैठणचं नाव आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असं तो लिहितो. किती कोस, ते नाही. किती दिवस, ते आहे. बैलगाडीवर माल घालून जाणाऱ्याला तेवढंच कळायला हवं होतं.

त्या काळात समुद्र ओलांडायचा तर वाऱ्याची वाट बघावी लागे. ज्या वाऱ्यावर आपल्याकडं पाऊस येतो, त्याच नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यावर शिडाची जहाजं अरबस्तानाकडून आपल्या किनाऱ्याला यायची, आणि हिवाळ्यात वारा उलटला की परत जायची. तांबड्या समुद्राच्या तोंडापासून केरळच्या किनाऱ्यापर्यंत चाळीस दिवस, असं प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय. म्हणजे समुद्र तोच, अंतर तेच, पण वारा आपल्या बाजूनं आहे की तोंडावर आहे, यावर वेळ ठरायची. ही गोष्ट लक्षात ठेवा. आजच्या विमानालाही ती लागू आहे.

आता एकदम १८८३ सालात येऊ. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि ते मूल दहा दिवसांतच गेलं. औषधपाण्याला बाई डॉक्टर नाही, म्हणून आपणच डॉक्टर व्हायचं असं त्यांनी ठरवलं. १८८३ च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याला आगबोटीत बसल्या. नवरा बरोबर नव्हता. सोबतीला मिशनरी बाया होत्या. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला होता, म्हणून आफ्रिकेला वळसा घालावा लागला नाही. तो कालवा नसता तर आणखी कितीतरी दिवस गेले असते. तरी न्यूयॉर्कला पोचायला जून उजाडला. जवळजवळ दोन महिने!

मावशींच्या लेकीनं जो पल्ला एका झोपेत गाठला, त्याला आनंदीबाईंना दोन महिने लागले. आणि पत्राचं काय? इथून लिहिलेलं पत्र तिकडं पोचायला महिना, त्याचं उत्तर यायला आणखी महिना. घरी कुणी आजारी पडलं, तर ते कळेपर्यंत माणूस एक तर बरं झालेलं, नाही तर गेलेलं. आनंदीबाई तिथल्या थंडीत, परक्या अन्नावर तीन वर्षं शिकल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरलेली होती. पण परत येताना क्षयानं शरीर पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा मात्र पुन्हा तोच समुद्र ओलांडून अमेरिकेला गेली. तिथं ज्या कार्पेंटर बाईंनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं होतं, त्यांनी ती आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवून घेतली. अंतर ओलांडायची किंमत काय असते, ते या बाईकडून कळतं.

आपल्या जालन्याकडं तेव्हा अजून आगगाडीही नव्हती. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी करत हैदराबादकडं जाणारी निजामाची लहान रुळांची गाडी १९०० च्या सुमाराला सुरू झाली. तोवर बैलगाडी, घोडं आणि पायच.

विमानाची गोष्ट याच्यानंतरची. आपल्या देशात विमानातून पहिल्यांदा टपाल गेलं ते १८ फेब्रुवारी १९११ ला, अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास! आपण इथून शहागडला जाऊन येतो, तेवढ्यातलंच म्हणा. पुढं १९२९ मध्ये लंडनहून कराचीपर्यंत विमानानं टपाल यायला लागलं. त्याला सात दिवस लागायचे, आणि मधला काही रस्ता आगगाडीनं. कराचीला आलेलं टपाल मग मुंबईला कसं आणायचं? तिथं जे. आर. डी. टाटा पुढं आले. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून पस मॉथ नावाचं इवलंसं विमान स्वतः चालवत आणलं. सकाळी निघाले, अहमदाबादला उतरले, दुपारी मुंबईच्या जुहूला पोचले. विमानात प्रवासी कुणी नव्हतं, पंचवीस किलो टपाल होतं फक्त. आणि अहमदाबादला त्या विमानात भरायचं पेट्रोल कशातून आलं होतं? बैलगाडीतून, डब्यांमधून! मैत्रिणींनो, विमानाला बैलानं हात दिला तेव्हा आपल्या देशातला विमानप्रवास सुरू झाला.

कराची ते जुहू हे सरळ रेषेत नऊशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. आजचं मोठं विमान एका तासात जेवढं जातं, तेवढ्याला तेव्हा सकाळची दुपार झाली.

त्यानंतर सोळा वर्षांनी, ८ जून १९४८ ला, स्वतंत्र भारताचं विमान लंडनला निघालं. एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस'. मुंबईहून कैरो, कैरोहून जिनिव्हा, तिथून लंडन. पाच हजार मैलांचा, म्हणजे आठ हजार किलोमीटरचा पल्ला, चोवीस तासांचा प्रवास, पस्तीस प्रवासी. तेव्हाच्या विमानाच्या पोटात एका दमात जाण्याइतकं इंधन मावत नव्हतं, म्हणून मधे थांबावं लागे. आपण लांबच्या वाटेवर बैलांना पाणी पाजायला थांबायचो तसंच. आणि जोखीमही होती. हेच मलबार प्रिन्सेस विमान ३ नोव्हेंबर १९५० ला युरोपातल्या माँ ब्लाँ डोंगरावर आदळलं. अठ्ठेचाळीस माणसं गेली.

८ जून १९४८ ही तारीख आपल्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघावी लागते. मुंबईहून विमान लंडनला निघालं तेव्हा आपला मराठवाडा स्वतंत्र नव्हता. निजामाचं राज्य होतं, रझाकारांचा धुमाकूळ होता, आणि गावंच्या गावं सरहद्द ओलांडून छावण्यांत जाऊन राहिली होती. त्याच दिवसांत सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून निजामासाठी चोरून हत्यारं आणत होता. रात्रीच्या अंधारात विमानं बिदर, वरंगळकडं उतरायची. म्हणजे कराचीहून टपाल आणायला जी वाट उघडली, त्याच आकाशातून सोळा वर्षांनी बंदुका आल्या. वाट चांगली-वाईट नसते, तिच्यावरून काय नेलं जातं ते बघायचं असतं. १३ सप्टेंबरला फौजा शिरल्या आणि १७ सप्टेंबरला मराठवाडा मोकळा झाला. तो दिवस आपण मुक्तिदिन म्हणून पाळतोच.

त्याच हैदराबाद संस्थानात आणखी एक गोष्ट घडली, आणि ती बायकांनी सांगायलाच हवी. निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज नावाची विमान कंपनी निघाली होती. प्रेम माथुर या बाईंनी १९४७ च्या सुमाराला व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. नोकरीसाठी अर्ज केले. बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी घाबरतील, असं म्हणून एकामागून एक कंपन्यांनी नकार दिला. शेवटी नोकरी दिली ती हैदराबादच्या या डेक्कन एअरवेजनं. त्याच्याही आधी, १९३६ मध्ये, लाहोरला सरला ठकराल यांनी एकवीस वर्षांच्या वयात, साडी नेसून, एकटीनं विमान उडवलं होतं. आणि पुढं १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्त्याहून सिल्चरला विमान नेलं. शेजारच्या खुर्चीवर निवेदिता भसीन. सगळ्या बायकाच विमान चालवतायत, असं आपल्या देशात पहिल्यांदा घडलं ते तेव्हा.

आता अमेरिकेची वाट. १९६० मध्ये एअर इंडियाकडं बोइंग ७०७ ही जेट विमानं आली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. पण लंडनला थांबूनच. मुंबईहून न्यूयॉर्कला मधे कुठंही न उतरता जायला १ ऑगस्ट २००७ उजाडावा लागला. म्हणजे बघा, जुहूच्या त्या टपालापासून पंचाहत्तर वर्षं.

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साडेबारा हजार किलोमीटर आहे. पण कुठून मोजायचं? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर वाटतं, अरबस्तान, आफ्रिकेचं वरचं टोक आणि मग समुद्र असं सरळ पश्चिमेला जावं. विमान तसं जात नाही. ते वर, उत्तरेकडं सरकतं, युरोपवरून किंवा त्याच्याही वरून जातं. आडवळण वाटतं ना? घरी करून बघा. एक गोल लाल भोपळा घ्या. त्यावर दोन ठिकाणी कोळशानं खुणा करा, दोन्ही देठापासून सारख्याच खाली, पण एकमेकींपासून लांब. आता एका खुणेपासून दुसरीपर्यंत दोरा ताणून धरा. दोरा मधल्या पोटावरून आडवा जात नाही. तो आपोआप देठाकडं वर सरकतो. पृथ्वी भोपळ्यासारखी गोल आहे, नकाशा पोळीसारखा सपाट आहे. पोळीवर जी वाट लांबची दिसते ती भोपळ्यावर जवळची असते.

आता वेळ. मोठं विमान तासाला सुमारे नऊशे किलोमीटर जातं. साडेबारा हजाराला नऊशेनं भागलं तर चौदा तास येतात. पण मुंबईहून न्यूयॉर्कला जायला लागतात सुमारे सोळा. दोन तास कुठं गेले? पहिलं कारण वारा. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातं. तिथं, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचे वारे वाहतात. काही वेळा ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरहूनही जास्त. जाताना हा वारा तोंडावर असतो, येताना पाठीशी. म्हणून येतानाचा प्रवास तास-दीड तासानं कमी. पेरिप्लसच्या काळातला शिडवाला आणि आजचा वैमानिक, दोघंही आधी वारा बघूनच निघतात. दुसरं कारण वाट. आकाशातही बांध असतात. एका देशानं आपल्या हद्दीतून जायला मनाई केली की वळसा घालावा लागतो. २०१९ मध्ये फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत आणि पुन्हा २०२५ च्या एप्रिलपासून पाकिस्ताननं आपल्या विमानांना वाट बंद केली, तेव्हा पश्चिमेकडच्या प्रवासाचा वेळ आणि इंधन दोन्ही वाढलं. शेजाऱ्याशी भांडण झालं की शेताला लांबून जावं लागतं, त्यातलीच ही गोष्ट.

आणि आता मावशींचं कोडं. सोळा तास लागले, तर घड्याळात साडेपाचच कसे दिसले?

सूर्य सगळीकडं एकाच वेळी उगवत नाही. पृथ्वी चोवीस तासांत एक फेरी घेते, म्हणून जसजसं पश्चिमेला जावं तसतसा दिवस उशिरा उजाडतो. आपल्याच देशात बघा, आसामात लवकर उजाडतं आणि द्वारकेला उशिरा. तरी घड्याळ सगळ्यांचं एकच. हे घड्याळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या एका रेषेवर ठरवलंय. आपण तिच्या पश्चिमेला. म्हणून आपल्या अंगणात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजून पंचवीसेक मिनिटं झालेली असतात. हे एक घड्याळ १९०६ मध्ये आलं, पण मुंबईकरांनी ते लवकर मानलं नाही. मुंबईची वेळ एकोणचाळीस मिनिटं मागं होती, आणि ती कितीतरी वर्षं, १९५५ च्या सुमारापर्यंत, शहरात चालत राहिली.

न्यूयॉर्कचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागं असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. मावशींची लेक रात्री एकला निघाली. सोळा तासांनी मुंबईत संध्याकाळचे पाच वाजले होते. त्यातून साडेदहा तास वजा करा. सकाळचे साडेसहा. म्हणजे पोरगी खोटं बोलली नाही आणि मावशीही चुकल्या नाहीत. एकीनं तिथलं घड्याळ सांगितलं, दुसरीनं इथल्या घड्याळातून वजाबाकी केली. मापं दोन आणि हिशेब एक, मग घोळ होणारच.

उलट्या बाजूचा घोळ आणखी गमतीचा. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोहून एअर इंडियाचं विमान बेंगळुरूला निघालं. चालवणाऱ्या चौघी बायका होत्या. कॅप्टन झोया अग्रवाल प्रमुख, बरोबर पापागारी तन्मयी, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मनहास. जवळजवळ चौदा हजार किलोमीटरचं अंतर. आणि वाट कुठून? थेट उत्तर ध्रुवावरून, म्हणजे आपल्या भोपळ्याच्या देठावरून! विमान हवेत होतं सतरा तासांच्या वर. उतरलं ११ जानेवारीच्या पहाटे. नऊ तारखेच्या रात्री निघालं, अकराच्या पहाटे उतरलं, मग दहा तारीख कुठं गेली? ती अख्खी विमानातच गेली. पश्चिमेला जाताना घड्याळ तास परत देतं, पूर्वेला येताना ते काढून घेतं. बचत गटाचंच खातं म्हणा, फुकट काही नाही.

एकोणिसाव्या शतकात एकट्या बाईनं आगबोटीत बसणं म्हणजे आभाळ कोसळलं होतं. एकविसाव्यात चार बायकांनी जगाच्या माथ्यावरून विमान आणलं. मधे एकशे अडतीस वर्षं आहेत.

आता मावशी, तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर. गटातल्या पोरींनी कागद-पेन घेऊन हिशेब मांडला. समजा मंगळवारी सकाळी आठला इथून फोन गेला. तिथं सोमवारची रात्र, साडेनऊ वाजलेले. रात्रीतून तिकीट मिळालं, मंगळवारी दुपारी बाराचं विमान मिळालं असं धरू. तेव्हा आपल्याकडं मंगळवारचे रात्रीचे साडेदहा. पंधरा तासांचं उड्डाण. बुधवारी दुपारी दीडला मुंबई. कागद तपासणं, सामान, बाहेर यायला तीन वाजले. तिथून अंकुशनगरला गाडीनं आठेक तास. बुधवारी रात्री अकरा वाजता पोरगी दारात. म्हणजे फोनपासून सुमारे चाळीस तास. सगळं जिथल्या तिथं जुळलं तर. तिकीट लगेच मिळालं नाही, तर दोन दिवस, अडीच दिवस.

एक गोष्ट बघा. साडेबारा हजार किलोमीटरला पंधरा तास, आणि मुंबईपासून आपल्या दारापर्यंतच्या चारशे किलोमीटरला आठ. मुंबईहून छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर विमान मिळालं तर ते तासाभरात येतं, पण त्याची वेळ जुळली पाहिजे. लांबची वाट लहान झाली, जवळची तशीच राहिली. दर हंगामाला ऊसतोडीला गाडीत बसून परजिल्ह्यात जाणाऱ्या आपल्या बायांना हे वेगळं सांगायला नको. पोटात कळा आल्यावर फडापासून दवाखान्यापर्यंतचे दहा किलोमीटर न्यूयॉर्कपेक्षा लांब असतात. अंतर किती, हे विचारताना किलोमीटर विचारू नका. वाहन आहे का, रस्ता आहे का, रात्री कुणी उठून नेईल का, ते विचारा. गटाच्या वहीत गाडीवाल्यांचे नंबर आणि १०८ लिहून ठेवायचं ठरलंय, ते याच बैठकीत.

मावशींनी चाळीस तासांचा हिशेब शांतपणे ऐकला. मग म्हणाल्या, "म्हणजे दोन दिस धरायचे. दोन दिसानं येणारी लेक तोंडात पाणी घालायला पुरत नाही." आम्हाला काही बोलता येईना. मग त्याच पुढं म्हणाल्या, "मग मी मरायच्या वेळची वाट कशाला बघू? आधीच जाऊन येते की तिच्याकडं. धडधाकट हाये तोवर."

आणि खरंच, दुसऱ्याच दिवशी पासपोर्टाची चौकशी सुरू झाली. तिथं एक अडचण निघाली. ती तुमच्यापैकी पुष्कळजणींची असणार, म्हणून सांगतो. आधार कार्डावर नाव एक, रेशन कार्डावर दुसरं. कुठं बापाचं नाव, कुठं नवऱ्याचं. जन्मतारीख तर कुठं १ जानेवारी, कुठं नुसतंच साल. कुणाचं लेकरू परदेशी असो-नसो, मैत्रिणींनो, आपापले कागद काढून एकदा नावं आणि तारखा जुळवून घ्या. पेन्शनला, बँकेला, घरकुलाला, सगळीकडं हेच अडतं. आणि पासपोर्टानंतर अमेरिकेचा व्हिसा लागतो. त्यासाठी मुलाखत द्यावी लागते, आणि तो मिळायला काही महिनेही लागू शकतात. विमान सोळा तासांचं, पण विमानापर्यंतची वाट वर्षाचीसुद्धा असते, हेही त्या हिशेबात धरा.

मावशींचं आधार कार्ड दुरुस्तीला गेलंय. घरात त्यांनी दोन घड्याळं लावलीत. एक आपलं, आणि त्याच्या शेजारी दुसरं, साडेदहा तास मागं. खाली नातवानं पाटीवर लिहिलंय, "आईचं" आणि "ताईचं". आता लेकीला फोन करताना मावशी आधी दुसऱ्या घड्याळाकडं बघतात. तिथं मध्यरात्र असेल तर फोन ठेवून देतात. म्हणतात, "झोपू दे बाई, दिवसभर राबली असंल."

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपलं आधार कार्ड आणि रेशन कार्ड सोबत आणा. आणि एखादीनं भोपळा आणा, दोरा आमच्याकडं आहे. आधी वाट बघू, मग त्याच्या घाऱ्या करू.